हॉलमधला खांब काढून लांब बीम टाकता येतो का? रील बघून ठरवण्याआधी हे गणित समजून घ्या

आर्वीतलं एखादं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. पुढे ओसरी, आत लांबट बैठक आणि बैठकीच्या मधोमध एक खांब. कुणाकडे तो सागवानी असतो, कुणाकडे विटांचा, तर कुणाकडे सिमेंटचा पिलर. सोफा लावायचा म्हटलं की खांब आडवा. टीव्ही बघायचा म्हटलं की कुणाच्या तरी डोळ्यांसमोर खांब. घराचं काम निघालं की पहिला प्रश्न घरातली तरुण मंडळीच विचारतात, "हा खांब काढून टाकता येणार नाही का?"

त्यात फोनवर रील्स दिसतात. आधी खांब असलेली खोली, मग थोडी धूळ, थोडं वेल्डिंग आणि ३० सेकंदांत मोकळा हॉल. बघायला मस्त वाटतं. पण त्या ३० सेकंदांत दाखवत नाहीत तीच या कामाची खरी गोष्ट आहे.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर: हो, खांब काढता येतो. पण खांब गेला म्हणून त्याच्यावरचं वजन जात नाही. ते बीमच्या दोन टोकांकडे सरकतं. म्हणून "केवढा बीम टाकायचा?" एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. "ती दोन टोकं हे वजन झेलतील का?" हा प्रश्न त्याहून मोठा आहे. या लेखात दोन्हीचं गणित सोप्या भाषेत बघूया.

## मधला खांब नेमकं काय करतो?

घराचं वजन वरून खाली एका ठरलेल्या वाटेने जातं. छताचं वजन बीमवर, बीमचं खांबावर किंवा भिंतीवर, तिथून पायावर आणि शेवटी जमिनीत. या वाटेतली एक कडी काढली की वजन थांबत नाही, ते दुसरी वाट शोधतं. ती वाट आपण आधीच तयार ठेवली तर काम सुखरूप होतं. नाही ठेवली तर वजन स्वतःच वाट काढतं, आणि त्यालाच आपण तडा किंवा पडझड म्हणतो.

जुनी माणसं घर मोजताना "तीन खणांचं", "पाच खणांचं" म्हणायची. खण म्हणजे दोन खांबांमधली किंवा दोन तुळयांमधली जागा. लाकूड जेवढं लांब आणि मजबूत मिळेल तेवढाच खण मोठा करता यायचा. सेवाग्रामला बापू कुटी पाहिली असेल तर आठवा: मातीच्या भिंती, लाकूड, बांबू आणि वर कवेलू. अशा घरांत खांब जवळजवळ का असतात, याचं उत्तर हेच. खांब शोभेसाठी नव्हते. लाकडाच्या ताकदीने ठरवलेल्या त्या जागा होत्या.

आता आपल्याकडे स्टीलचा गर्डर आहे, सळईचं काँक्रीट आहे. म्हणून खण मोठा करता येतो. पण किती मोठा, हे अजूनही गणितच ठरवतं.

## घरबसल्या प्रयोग: एक पट्टी आणि दोन ग्लास

हे गणित डोळ्यांनी बघायचं असेल तर ३० सेंमीची पातळ प्लास्टिकची पट्टी घ्या. दोन ग्लास १२ सेंमी अंतरावर ठेवा, त्यावर पट्टी आडवी टाका आणि मधोमध चार्जरचं अडॅप्टर ठेवा. पट्टी जेमतेम वाकेल. आता ग्लास २४ सेंमी अंतरावर न्या. अडॅप्टर तेच, पट्टी तीच, पण वाक लगेच डोळ्यांत भरेल.

अंतर दुप्पट केलं की मधल्या वजनामुळे येणारा वाक दुप्पट होत नाही, तो ८ पट होतो.

घराच्या बाबतीत प्रकरण आणखी पुढे जातं. स्लॅबचं वजन एका जागी नसतं, ते बीमच्या पूर्ण लांबीवर पसरलेलं असतं. त्यामुळे बीमची लांबी दुप्पट झाली की त्याच्यावरचं एकूण वजनही दुप्पट होतं. हिशेब असा होतो:

- बीमच्या आतला वाकवणारा जोर: ४ पट
- बीमचा खाली येणारा वाक: १६ पट

म्हणून "पहिल्यापेक्षा थोडा जाड बीम टाकू" हे वाक्य धोक्याचं आहे. इथे थोड्याचं काम नाही.

आता तीच पट्टी उभ्या कडेवर धरून दाबून बघा. वाकतच नाही. पट्टी तीच आहे, फक्त तिची उंची वाढली. आयताकृती तुकड्याची उंची दुप्पट केली तर त्याचा ताठपणा ८ पट वाढतो. लोखंडी गर्डर इंग्रजी 'आय' अक्षरासारखा उंच का बनवतात, ते यावरून कळतं. लांब बीमला उंची लागतेच, आणि ती उंची तुमच्या खोलीच्या उंचीतून वजा होते, हेही लक्षात असू द्या.

## आता खऱ्या हॉलचं गणित

समजा, हॉल ६ मीटर म्हणजे साधारण २० फूट लांब आहे. मधोमध खांब आहे, म्हणजे ३-३ मीटरचे दोन खण. बीमवर दोन्ही बाजूंनी मिळून ३ मीटर रुंदीच्या स्लॅबचं वजन येतं. एका चौरस मीटरचं वजन ढोबळमानाने असं धरू:

- १२० मिमी जाडीचा काँक्रीट स्लॅब: ३०० किलो
- वरचा कोबा, खालचं प्लास्टर वगैरे: १५० किलो
- गच्चीवर माणसं, वाळवण, सामान: १५० किलो (ज्या गच्चीवर लोक जातात तिच्यासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात साधारण एवढंच धरायला सांगितलंय)

एकूण ६०० किलो. ३ मीटर रुंदीने गुणलं की बीमच्या प्रत्येक मीटरवर १८०० किलो. पूर्ण ६ मीटरवर सुमारे १०,८०० किलो, म्हणजे जवळपास ११ टन.

कापसाच्या भाषेत सांगायचं तर ११० क्विंटल. एवढं वजन तुमच्या सोफ्याच्या वर टांगलेलं आहे, आणि तो नकोसा खांब त्यातला निम्मा भार एकटा सांभाळतोय. गच्चीवर बीमजवळ १००० लिटरची पाण्याची टाकी असेल तर आणखी १ टन.

आता बाजारात मिळणारे गर्डर या वजनाखाली कसे वागतात ते बघू. हे साधे आयएसएमबी गर्डर आहेत, गर्डरचं स्वतःचं वजन हिशेबात धरलेलं नाही.

२०० मिमी उंचीचा गर्डर (मीटरला सुमारे २५ किलो)
मधला खांब असताना तो फक्त ४ मिमी वाकतो. खांब काढला तर कागदावर वाक ६८ मिमी येतो. प्रत्यक्षात तिथपर्यंत पोचायच्या आधीच साधं स्टील कायमचं वाकायला लागतं. म्हणजे हा गर्डर नापास.

२५० मिमीचा गर्डर (मीटरला सुमारे ३७ किलो)
वाक सुमारे ३० मिमी. स्टीलवरचा ताण सुरक्षित मर्यादेच्या वर जातो. हाही नापास, पण हा जास्त फसवा. कारण तो लगेच पडणार नाही. आधी प्लास्टरला तडे जातील, दारं अडकायला लागतील.

३०० मिमीचा गर्डर (मीटरला सुमारे ४४ किलो)
वाक सुमारे १८ मिमी, ताण मर्यादेत. या उदाहरणापुरता पास.

२०० चा गर्डर ३ मीटरला आरामात चालत होता. तोच ६ मीटरला पूर्ण नापास झाला. "आमच्या शेजाऱ्याने हाच गर्डर टाकलाय, काही झालं नाही" हे म्हणणं का चालत नाही, ते इथे कळतं. शेजाऱ्याचा खण किती, छत कोणतं, वर मजला आहे का, हे सगळं वेगळं असू शकतं.

महत्त्वाचं: हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. यावरून स्वतःच्या घराचा गर्डर विकत आणू नका. वर भिंत आहे का, भविष्यात मजला चढवायचा आहे का, गर्डर बाजूला पलटी खाऊ नये म्हणून त्याला वर धरलंय का, अशा अनेक गोष्टींनी उत्तर बदलतं.

## मग वजन गेलं कुठे?

आता लेखातली मुख्य गोष्ट. आपल्या उदाहरणात मधला खांब ५.४ टन घेत होता आणि दोन्ही टोकं प्रत्येकी २.७ टन. खांब काढल्यावर ते ५.४ टन दोन टोकांत वाटले जातात. म्हणजे प्रत्येक टोकावर आता ५.४ टन, पहिल्यापेक्षा दुप्पट.

समजा गर्डरचं टोक सरळ विटांच्या भिंतीत २० सेंमी आत घुसवलं. ३०० च्या गर्डरची खालची पट्टी १४ सेंमी रुंद असते. म्हणजे २० गुणिले १४, एकूण २८० चौरस सेंमी जागेवर ५४०० किलो. दर चौरस सेंमीला सुमारे १९ किलो. साध्या विटांच्या भिंतीसाठी हिशेबात ढोबळमानाने ३ ते ५ किलो धरतात. म्हणजे गर्डर एकदम मजबूत, पण त्याच्याखालची वीट चिरडणार!

उपाय साधा आहे. गर्डरच्या टोकाखाली काँक्रीटचा जाड ठोकळा ओततात, त्याला बेड ब्लॉक म्हणतात. तो वजन भिंतीच्या मोठ्या भागावर पसरवतो. ९ इंची भिंत असेल तर आपल्या उदाहरणात तो दोन फुटांहून जास्त लांब लागेल. भिंत मातीची किंवा खचलेली असेल तर ठोकळ्यानेही भागत नाही. तिथे भिंतीला लागून नवीन खांब आणि त्याखाली नवीन पाया हवा.

म्हणजे मधला एक खांब काढण्यासाठी कडेला दोन खांब उभे करावे लागतात. बऱ्याच घरांत हिशेब असाच निघतो, आणि खर्चही तिथेच वाढतो.

## खाली काळी माती आहे, हे विसरू नका

वर्धा जिल्ह्यातली बरीचशी जमीन काळी, कापसाची. शेतीला चांगली, पण पायाला चकवणारी. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. तीच हालचाल घराखाली चालू असते.

जुनं घर अनेक वर्षांत या हालचालीशी जुळवून घेतं. आपण खांब काढतो तेव्हा मधल्या पायावरचं वजन अचानक कमी होतं आणि कडेच्या पायांवरचं दुप्पट होतं. कडेचा पाया उथळ असेल तर तो थोडा खचतो, मग भिंतीत तिरपे तडे येतात. कधी कधी ते लगेच दिसत नाहीत, पहिल्या पावसाळ्यानंतर दिसतात.

म्हणून नवीन खांबाचा पाया किती खोल न्यायचा हे खड्डा खणून माती बघूनच ठरवावं. अशा मातीसाठी खाली फुगीर बल्ब असलेले अंडर-रीम्ड पाइल वापरण्याची पद्धत भारतात आहे. त्यासाठी आयएस २९११ मध्ये वेगळा भागच आहे. प्रत्येक घराला ते लागतीलच असं नाही, पण "दोन फूट खणून गिट्टी टाकली की झालं" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

## तुमचं घर यातलं कोणतं?

१. लाकडी खांब आणि कवेलूचं घर
छप्पर स्लॅबपेक्षा खूप हलकं असतं, त्यामुळे बीमचं काम सोपं. पण भिंती बहुतेक मातीच्या, त्या टोकाचं वजन घेत नाहीत. लाकडाचे सांधे एकमेकांना धरून असतात, एक खांब हलवला की शेजारचे सांधे उघडतात. वाळवी आतून लाकूड पोकळ करते आणि वरून पत्ता लागत नाही. लाकडात खिळा किंवा स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर आधी ते दुरुस्त करायचं, खांबाचा विषय नंतर.

काही जुन्या घरांत तुळईच्या जागी रेल्वेचा जुना रूळ असतो. तो मजबूत दिसतो, पण त्याचं स्टील वेगळं असतं. त्यावर साध्या पद्धतीने वेल्डिंग केलं तर सांध्याजवळ तडा जाऊ शकतो. त्यामुळे "रुळालाच तुकडा जोडून लांब करू" हे नको.

२. विटांच्या भिंती, वर स्लॅब आणि मध्ये एखादा खांब
आपलं वरचं उदाहरण याच घराचं. योग्य गर्डर, टोकांना नीट आधार आणि काळजीपूर्वक टेकू, एवढं असेल तर हे काम होतं.

३. पूर्ण आरसीसी पिलर-बीमचं घर
इथे सगळ्यात जास्त सावध राहा. कारण समजून घ्या. काँक्रीट दाब सहन करतं, ताण नाही. जिथे ताण येतो तिथे सळई टाकतात. सलग बीम मधल्या पिलरवरून जातो तेव्हा तिथे बीमच्या वरच्या बाजूला ताण येतो, म्हणून मुख्य सळई वर असते. पिलर काढला की त्याच जागी ताण खालच्या बाजूला येतो, आणि तिथे खाली पुरेशी सळई नसते.

भांडी घासायचा लांब स्पंज घ्या आणि त्यावर पेनाने उभ्या रेघा मारा. मधोमध बोटाचा आधार देऊन दोन्ही टोकं खाली दाबा: वरच्या रेघा फाकतात. आता टोकांना आधार देऊन मध्ये दाबा: खालच्या रेघा फाकतात. पिलर काढणं म्हणजे बीमचं काम असं उलटं करणं.

वर मजले असतील तर धोका आणखी मोठा. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावरच्या नर्सिंग होममध्ये दुरुस्तीचं काम चालू असताना खांबांना हात लावल्याचा आरोप झाला आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. आर्वीतलं तुमचं घर एकमजली असेल, पण वजनाची वाट तोडली तर काय होतं, हा धडा सगळीकडे सारखाच आहे.

## काम योग्य क्रमाने कसं होतं?

रीलमध्ये खांब पाडताना दाखवतात, म्हणून वाटतं तीच पहिली पायरी. खरं तर खांब सगळ्यात शेवटी निघतो.

1. तपासणी: स्लॅबची सळई कोणत्या दिशेने आहे, वर काय आहे, पाया कसा आहे हे बघणं आणि गरज असेल तिथे थोडं फोडून खात्री करणं.
2. टोकांचे आधार: नवीन पाया, खांब किंवा बेड ब्लॉक आधी बांधायचे आणि काँक्रीटला पुरेसे दिवस द्यायचे. काल ओतलेल्या ठोकळ्यावर आज गर्डर ठेवायचा नाही.
3. टेकू: बीमच्या दोन्ही बाजूंना जॅकचे लोखंडी टेकू लावून छत उचलून धरायचं. टेकूखाली जाड फळ्या हव्यात. फरशीखाली भराव पोकळ असेल तर टेकूच खचतो.
4. गर्डर चढवणं: ६.६ मीटर लांबीचा ३०० चा गर्डर सुमारे २९० किलोचा होतो. तो गल्लीतून आणि दारातून आत कसा येणार, हे खरेदीआधी ठरवा. दोन तुकड्यांत आणायचा असेल तर जोड कुठे आणि कसा, हे इंजिनिअरने काढून द्यायला हवं, वेल्डरच्या अंदाजाने नाही.
5. गर्डरला आधीच ताण देणं: ही पायरी फार जण टाळतात. गर्डर नुसता छताला टेकवून खांब काढला तर तो वाकेल आणि त्याच्याबरोबर स्लॅबही खाली येऊन तडकेल. म्हणून जॅक आणि पाचर वापरून गर्डरवर आधीच भार घेतात, म्हणजे त्याला जे वाकायचं ते खांब असतानाच वाकून होतं. मग गर्डर आणि स्लॅबमधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने घट्ट भरतात.
6. खांब मोकळा करणं: हळूहळू, थांबत थांबत. प्रत्येक टप्प्यावर छत किती खाली आलं ते मोजायचं. हिशेबापेक्षा जास्त आलं तर काम तिथेच थांबवायचं.
7. शेवट: गर्डरला गंजरोधक रंग आणि आग लागली तर तो लवकर तापू नये म्हणून वर आवरण.

## तुमचा फोन इथे काय करू शकतो, काय नाही?

फोन ही कामं छान करतो:

- नोंद ठेवणं: काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक भिंत, प्रत्येक जुना तडा यांचे फोटो काढा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहा. फोटोत एक पट्टी ठेवा. दर काही दिवसांनी त्याच जागेवरून फोटो काढला की तडा वाढतोय का ते कळतं.
- नकाशा बनवणं: खोल्या, खांब, दारं यांचा साधा आराखडा काढून आणि व्हिडिओ करून इंजिनिअरला पाठवा. तो येण्याआधीच निम्मे प्रश्न सुटतात.
- शिकणं: बीम कॅल्क्युलेटरमध्ये ३ आणि ६ मीटर टाकून वाक कसा बदलतो ते बघा. समज पक्की होते.

इथे फोनवर विसंबू नका:

- कॅमेऱ्याने मोजणारी ॲप्स सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर चुकू शकतात. सोफ्यासाठी ठीक, गर्डर कापायला नाही. तिथे टेप किंवा लेझर मीटर वापरा.
- लेव्हल ॲप छोट्या भागाचा कल दाखवतं. ६ मीटरमध्ये ५ मिमीचा फरक पकडायला मिस्त्रीची पाण्याची पारदर्शक नळीच भारी पडते.
- मेटल डिटेक्टर ॲप फोनमधल्या होकायंत्राच्या सेन्सरवर चालतं. त्यावरून किती जाडीची सळई, किती खोल, हे कळत नाही. त्यासाठी कव्हर मीटर नावाचं वेगळं यंत्र असतं.
- एआय चॅटबॉट शब्द आणि कल्पना समजावून सांगेल, पण तुमची भिंत पोकळ आहे की भरीव हे त्याने बघितलेलं नाही. आकडा चुकीचा दिला तर उत्तरही चुकणार, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

## खांब पूर्ण न काढता जागा मोकळी करता येते का?

येते, आणि बऱ्याचदा हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

खांब सरकवा: ६ मीटरच्या मधोमध असलेला खांब १ मीटर बाजूला नेला तर खण ४ आणि २ मीटरचे होतात. ४ मीटरच्या खणात वाकवणारा जोर ६ मीटरच्या निम्म्याहून कमी, आणि वाक जवळपास पाचवा हिस्सा. बैठकीला १३ फूट सलग जागा मिळते आणि हलका गर्डर चालतो. नव्या जागी पाया मात्र लागतो.

खांब बारीक करा: दीड फुटी विटांच्या खांबाऐवजी लोखंडी पाइप किंवा चॅनेलचा सडपातळ खांब. वजनाची वाट तीच राहते, जागा मोकळी होते. टेकू लावूनच करायचं, हे वेगळं सांगायला नको.

खांब कामाला लावा: सागवानी खांब घासून पॉलिश करा, त्याला लागून बुकशेल्फ किंवा टीव्हीचं पार्टिशन करा. जुनं सागवान आता सहजासहजी मिळत नाही.

## परवानगी आणि योग्य माणूस

रंग देणं, फरशी बदलणं वेगळं आणि भार घेणारा खांब काढणं वेगळं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दाच्या व्याख्येत इमारतीत केलेला महत्त्वाचा बदलही येतो. म्हणून काम सुरू करायच्या आधी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात, आणि गावात असाल तर ग्रामपंचायतीत, चौकशी करा.

माणूस निवडताना फरक लक्षात ठेवा. इंटिरिअरवाले खोली सुंदर करतात, मिस्त्री काम हाताने उभं करतात, पण खांब काढायचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. आर्वीत ओळखीचं कुणी नसेल तर वर्धा किंवा नागपूरहून एक भेट मागवा. त्यांना हे विचारा:

- गर्डरचा आकार कोणत्या वजनावर काढला? वर पुढे मजला धरलाय का?
- दोन्ही टोकांवर किती टन येणार आणि ते कोण झेलणार?
- टेकू कुठे, किती आणि कधी काढायचे?
- छत किती मिमी खाली येणं अपेक्षित आहे?
- हे सगळं सहीनिशी कागदावर मिळेल का?

शेवटच्या प्रश्नावर जो माणूस टाळाटाळ करतो त्याला काम देऊ नका.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खांब भार घेतोय की नुसता शोभेचा, हे ओळखायचं कसं?
वर बीम, तुळई किंवा स्लॅबचा जोड असेल तर तो भार घेतोय असंच धरा. वाजवून बघून हे ठरत नाही. शंका असेल तर खांब भार घेणाराच समजा.

गर्डर खाली दिसू नये असं करता येतं का?
कधी कधी बीम स्लॅबच्या वर, गच्चीवर घेतात आणि स्लॅब त्याला खालून धरतात. त्याला उलटा बीम म्हणतात. पण जुन्या स्लॅबला तो जोडणं अवघड काम आहे, आणि गच्चीवर पाणी अडणार नाही हेही बघावं लागतं.

खर्च किती येईल?
गर्डरचा अंदाज स्वतः काढा: लांबी गुणिले मीटरचं वजन गुणिले आजचा किलोचा भाव. पण गर्डर हा खर्चाचा एक भाग. पाया, टेकू, टोकांचे खांब, ग्राउट आणि इंजिनिअरची फी धरल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही.

काम चालू असताना घरात राहायचं का?
टेकू लावल्यापासून खांब काढून छत स्थिर झाल्याची खात्री होईपर्यंत त्या खोलीत आणि तिच्या वर कुणीही झोपायला नको. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका.

काम झाल्यावर काय बघायचं?
नवीन तिरपे तडे, घासणारी दारं, गर्डरच्या टोकाखाली सुटणारं प्लास्टर. किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा फोटोंची नोंद चालू ठेवा. तडा वाढत असेल तर इंजिनिअरला लगेच बोलवा.

घरात खांब काढायची चर्चा सुरू झाली की पहिल्यांदा गर्डरच्या भावावर बोलणं होतं. तुम्ही विषय दोन टोकांवर आणा. "इथे ५ टन येणार, खाली काय आहे?" हा एक प्रश्न वडिलांसमोर, काकांसमोर आणि मिस्त्रीसमोर मांडा. उत्तर कागदावर मिळालं तर खांब खुशाल काढा. नाही मिळालं तर तोवर खांब आहे तिथेच राहू द्या. आणि घरच्या ग्रुपवर कुणी "आधी-नंतर" वालं रील टाकलं, तर त्याखाली हा लेख टाकून द्या.